राखणदाराचे दुखणे आणि घरातील गोळी

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय किंवा घाटाखाली काय, शेतावरील कुत्रा हा घरच्या माणसांतच मोजला जातो. हरभऱ्यात रात्री रानडुकरे शिरली तर पहिला भुंकतो तोच, आणि मेंढपाळाच्या वाड्याची राखणही तोच करतो. असा हा राखणदार रानडुकराच्या सुळ्याने जखमी झाला किंवा पाय मुरगळून लंगडू लागला, म्हणजे धन्याचा जीव कळवळतो. मग कोनाड्यात ठेवलेली स्वतःच्या अंगदुखीची गोळी भाकरीत घालून त्याला चारली जाते. हेतू चांगला असतो; परिणाम मात्र पुष्कळदा घातक ठरतो. ही चाल आता थांबली पाहिजे.

वेदना व सूज कमी करणारी ही औषधे शरीरात तयार होणाऱ्या काही द्रव्यांना आवर घालतात. त्या द्रव्यांमुळे सूज येते हे खरे. परंतु जठराच्या आतील अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा ही कामेही तीच द्रव्ये करीत असतात. म्हणून मात्रा जास्त झाली की दुखणे थांबते, पण जठरात व्रण पडतात, त्यांतून रक्त वाहू लागते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. क्वचित यकृतालाही इजा पोहोचते. माणसांच्या नेहमीच्या औषधांपैकी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक व नॅप्रोक्सेन ही कुत्र्याला विशेष अपायकारक आहेत. नॅप्रोक्सेन तर माणसापेक्षा कुत्र्याच्या शरीरात कितीतरी अधिक काळ रेंगाळते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दिलेली गोळी पहिल्या गोळीवर चढते.

कुत्र्यांसाठी पशुवैद्य वापरतात ते मेलॉक्झिकॅम घेतले, तरी हिशेब सोपा नाही. पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोस ०.२ मिलिग्रॅम व पुढे ०.१ मिलिग्रॅम, ही त्याची नेहमीची मात्रा आहे. गावातील १५ किलो वजनाच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी ३ व नंतर रोज १.५ मिलिग्रॅम पुरते. माणसांसाठी मिळणारी गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे रोज एक गोळी दिली तर पाचपट किंवा दहापट औषध पोटात जाते. बैलाला टोचून उरलेले औषध कुत्र्याला देणेही तितकेच चुकीचे होय; कारण गाईबैलांची मात्रा दर किलोस ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे कुत्र्याच्या पुढील दिवसांच्या मात्रेच्या पाचपट आहे.

एका जीवाला मानवणारे औषध दुसऱ्याला मारक ठरते, याचा धडा या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे मेली आणि त्यांचे मांस गिधाडांनी खाल्ले, तेव्हा मूत्रपिंडे निकामी होऊन ती लाखोंनी नष्ट झाली. हे कारण २००४ साली सिद्ध झाले. जनावरांसाठी हे औषध तयार करण्यास २००६ साली भारतात मनाई झाली आणि २००८ साली ती अधिक कडक करण्यात आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांतून ते जनावरांना दिले जात राहिले. म्हणून २०१५ साली टोचण्याच्या औषधाची कुपी ३ मिलिलिटरची ठरविण्यात आली. २०२३ साली कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. गिधाडे गेल्यावर गावाबाहेरील मृत जनावरांवर मोकाट कुत्री पोसली जाऊ लागली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय वाढले. एका कुपीचा परिणाम किती दूरवर पोहोचतो हे यावरून दिसून येईल.

आपल्याकडील उन्हाळा हे आणखी एक कारण आहे. घाटाखालच्या कडक उन्हात तहानलेल्या, जुलाब लागलेल्या किंवा रक्तस्राव झालेल्या कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. त्यात हे औषध गेले की धोका दुणावतो. डेक्सामेथासोनसारख्या औषधाबरोबर ते देणे तर कटाक्षाने टाळावे.

कोणी म्हणेल, दवाखाना दूर आहे, मजुरीचा दिवस बुडतो, तोवर मुक्या जीवाला तळमळत ठेवावे काय? हा आक्षेप रास्त आहे. वेदनेकडे दुर्लक्ष करणे ही दयाही नव्हे आणि शहाणपणही नव्हे. ही औषधे शत्रू नव्हेत. योग्य मात्रेत ती मोठा आधार देतात. परंतु हाड मोडलेल्या कुत्र्याला गोळी दिली की दुखणे दबते, तो मोडक्या पायावर भार देऊन धावतो आणि इजा वाढते. डॉक्टर येईपर्यंत त्याला सावलीत बांधावे, पाणी ठेवावे, जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि सुजेवर गार पाण्याची पट्टी ठेवावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. त्याचा उपयोग करावा.

औषध चालू असता कुत्र्याने अन्न सोडले, ओकारी केली, शेण डांबरासारखे काळे झाले, लघवी फार वाढली वा बंद झाली, किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढील मात्रा त्याच क्षणी थांबवून दवाखाना गाठावा. गोळीचे वेष्टन बरोबर न्यावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांवर येथे विशेष जबाबदारी आहे. ‘अर्धी गोळी द्या, काही होत नाही’ हा सल्ला त्यांच्या तोंडून कधीही निघू नये. आजारी कुत्रा दिसताच ‘याला काही दिले आहे काय?’ हा प्रश्न त्यांनी प्रथम विचारावा, आणि तो दरडावून नव्हे तर आपुलकीने विचारावा. रागावलेल्या माणसापुढे शेतकरी गोळीची गोष्ट लपवील, आणि ती लपली की डॉक्टर त्याच जातीचे दुसरे औषध देण्याचा संभव राहील. कुत्र्याला आपले दुखणे सांगता येत नाही. निदान आपण त्याला काय चारले, एवढे तरी धन्याने खरे सांगावे.