रस्त्याला कठडा

अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात, एक आज्ञा आहे. प्रवचनात ती फारशी येत नाही. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, नाहीतर कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा आशय. त्या काळी गच्ची वापरातली जागा होती. राहाबने हेरांना लपवले ते गच्चीवर वाळत घातलेल्या जवसाच्या काड्यांखालीच. पडणारा कदाचित स्वतःच्याच बेसावधपणामुळे पडला असेल, पण आज्ञा त्याची चौकशी करत नाही. घर तुझे, म्हणून कठडाही तूच बांधायचा.

वस्तीतल्या रस्त्यावर गतिरोधक हवा, शाळेजवळ फलक हवा, पुसलेले झेब्रा पट्टे पुन्हा रंगवायला हवेत, असे अर्ज घेऊन फिरणाऱ्यांच्या बाजूने हे वचन आहे, असे मला वाटते. धर्मग्रामात या कामाकडे जरा तिरकस पाहिले जाते. रक्तदान शिबिर, वृद्धाश्रमाला भेट ही सेवा. सह्या गोळा करणे मात्र राजकारण! “ते नगरसेवकाचं काम, चर्चचं नाही.” मला हा फरक पटत नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमीला उचलले, त्याची थोरवी कोण नाकारील? पण यरीहोच्या त्याच वाटेवर पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी पडू नये, म्हणून खटपट करणाराही शेजाऱ्यावर प्रेमच करत असतो.

आणि चर्च याबद्दल गप्प आहे असेही नाही. वेगाच्या हौसेपायी स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या 2290व्या परिच्छेदात म्हटले आहे. जून 2007मध्ये व्हॅटिकनने रस्त्यावरच्या मेषपालकीय सेवेवर मार्गदर्शिका काढली, तिच्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा होत्या. पहिली तीच: खून करू नकोस. तेव्हा वर्तमानपत्रांनी ती बातमी गंमत म्हणून छापली. 2022मध्ये भारतातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली, त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. यात गंमत कुठे आहे?

मुंबईचे दादाराव बिल्होरे भाजी विकणारे. जुलै 2015मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि दुचाकीवरून जाणारा त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश गेला. त्यानंतर हा बाप खडी आणि रेती घेऊन शहरातले खड्डे बुजवत फिरू लागला. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात खड्डा उघडा ठेवणाऱ्यावर भरपाई बसवली आहे, तीही बैल किंवा गाढव पडले तर! बिल्होऱ्यांनी दुसऱ्यांचे खड्डे स्वतः झाकले. त्यांच्यापुढे मान लवते, पण कोणत्याही बापावर ही पाळी यावी का?

फलकाला आपण फार हलके समजतो. नकळत हातून मनुष्यवध झालेल्याला पळून जाता यावे म्हणून शरणपुरे नेमली होती, आणि तिकडे जाणारा रस्ता तयार ठेवण्याची आज्ञाही अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. यहुदी परंपरा तर सांगते की फाट्याफाट्यावर ‘शरण’ असे लिहून ठेवलेले असे, म्हणजे घाबरलेला माणूस चुकीच्या वाटेला लागू नये. म्हणजे एका शब्दावर कोणाचा तरी जीव अवलंबून होता. ‘पुढे शाळा आहे’ या पाटीचेही तसेच आहे.

एक मात्र सांगायलाच हवे. अर्जाला उत्तर येत नाही म्हणून रातोरात सिमेंटचा उंचवटा घालणे हा कठडा नव्हे, तो दुसरा खड्डाच. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, त्यावर रंगाचे पट्टे असतात आणि 40 मीटर आधी सूचना फलक लागतो. घरगुती उंचवट्याला यातले काही नसते. अंधारात तो आधी दुचाकीच्या मागे बसलेल्या बाईलाच आपटतो. शिवाय रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या दारात दुहेरी रांगेत गाड्या उभ्या करून आपण वेगमर्यादेचा अर्ज कोणत्या तोंडाने देणार?

अर्ज कसा करायचा हे लूकच्या अठराव्या अध्यायातल्या विधवेकडून शिकावे. तिच्याकडे वशिला नव्हता, ती फक्त पुन्हा पुन्हा गेली. रस्ता ग्रामपंचायतीचा, महापालिकेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे आधी विचारून घ्यावे; निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात. प्रत वाहतूक पोलिसांना द्यावी. पोच घ्यावी, आवक क्रमांक लिहून ठेवावा, आणि महिन्याने तोच क्रमांक घेऊन परत जावे. रस्त्याच्या रचनेचे मानक न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार प्राधिकरणाला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात 2019पासून आहे (कलम 198अ). अर्जात तिचा नम्र उल्लेख असू द्यावा.

नोव्हेंबर हा आपला मृतांच्या स्मरणाचा महिना. त्यातला तिसरा रविवार संयुक्त राष्ट्रांनी 2005पासून रस्ते अपघातांतल्या बळींच्या स्मरणासाठी मानला आहे. त्या दिवशीच्या विश्वासू जनांच्या प्रार्थनेत आपल्या वस्तीतल्या रस्त्यावर गेलेल्यांची नावे घ्यावीत, आणि मिस्सेनंतर दाराशी एक टेबल मांडावे. वर अर्ज, पेन आणि मागच्या वेळच्या पोचपावतीची झेरॉक्स.