अर्ध्या भाकरीचे गणित

तीन-चार वर्षांचे मूल ज्या घरात आहे, त्या घराला करमणुकीसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही, असे जुनी माणसे म्हणत. ते खरेच आहे. मात्र ही करमणूक कोणाची आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावात, जेथे घरात आजी असते, ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारे आजोबा असतात आणि शेजारीण विरजण मागायला केव्हाही आत येते, तेथे मुलाच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याला पाच-सहा श्रोते आयतेच मिळतात. शहरातील बंद दाराच्या सदनिकेपेक्षा येथे मुलावर माया करणारे अधिक आणि अर्थातच हसणारेही अधिक.

भाकरीचा प्रसंग घेऊ. ताटात ज्वारीची भाकरी पडते, आई सवयीने ती मोडते आणि मूल हंबरडा फोडते. भाकरी का मोडली? ती जोडून हवी. तव्यावरची दुसरी सबंध भाकरी पुढे केली तरी ती नको. हीच हवी आणि सबंध हवी. घरात हसू पिकते. दुसऱ्या दिवशी तेच मूल अर्ध्या भाकरीकडे बोट दाखवून ‘आणखी’ म्हणते. आजी शांतपणे त्याच अर्ध्या भाकरीचे दोन तुकडे करते. ‘मला दोन!’ म्हणून मूल खूश होते आणि घर पुन्हा हसते. काल मोडली म्हणून रडला, आज मोडली म्हणून नाचतो. पण जरा बारकाईने पाहिले तर या दोन वागण्यांत विसंगती नाही. दोन्ही वेळी मूल डोळ्यांना जे दिसते त्यावरून हिशेब करते. मोडलेली भाकरी त्याच्या लेखी तीच भाकरी राहिलेली नसते आणि दोन तुकडे हे एका तुकड्यापेक्षा अधिकच असतात.

झां पियाजे (१८९६–१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञाने याच हिशेबाचा आयुष्यभर पाठपुरावा केला. सारख्या आकाराच्या दोन पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे, मुलाकडून ते सारखे असल्याचे कबूल करून घ्यायचे आणि मग त्याच्यादेखत एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतायचे. आता जास्त कोठे, असे विचारले की सहा-सात वर्षांच्या आतील बहुतेक मुले उंच भांड्याकडे बोट दाखवतात. मुरुडच्या आयांनी पियाजेचे नाव ऐकलेले नसेल. पण धाकट्याचे दूध अरुंद पेल्यात आणि थोरल्याचे रुंद वाटीत देऊन भांडण मिटविण्याची युक्ती त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. थोरला सात वर्षांचा झाला की मात्र ही युक्ती उघडी पडते, आणि तो धाकट्याकडे पाहून जे हसतो ते मोठ्यांच्या हसण्यासारखेच असते.

पाण्याचा हा प्रयोग मराठवाड्यात इतका निर्मळ राहत नाही. येथे पाणी घागरींनी मोजले जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. कुर्डुवाडी, बार्शी, मुरुड हाच तो लोहमार्ग. अशा उन्हाळ्यात एखादे मूल भरलेल्या हंड्यातले पाणी तांब्याने परातीत, परातीतून घागरीत आणि अर्धे जमिनीवर ओतत बसलेले सापडते. ‘काय करलालास रे?’ असे आजी ओरडते. ‘पाणी मोजलालो,’ असे उत्तर येते. उत्तर खरे असते. आणि तरीही आईचा हात उठतो. दोन तास टँकरची वाट पाहून भरलेल्या पाण्याबद्दल तिने कौतुकाने हसावे, ही अपेक्षा बालसंगोपनाच्या गुळगुळीत पुस्तकांनाच शोभते. तिचा राग न्याय्य आहे. तथापि मुलाचे कुतूहलही न्याय्य आहे, आणि त्याची सोय फार महाग नाही. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी, एक डबा आणि एक वाटी अंगणातील झाडाच्या बुंध्याशी ठेवली तर मोजणीही होते आणि झाडही जगते.

बालशिक्षणाचे पुढचे सगळे बांधकाम याच अंगणावर उभे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असा विचार त्यांनी केला. अनुताई वाघ यांनी तो पुढे कोसबाडला चालवला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, अंगणातील मोकळीक किती गेली, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या अंगणवाडीत डोकावून पाहावे.

हसण्याचा अधिक नाजूक भाग भाषेचा आहे. मूल म्हणते, ‘मी करलं’, ‘चिमणी मरली’. घर हसते. वस्तुतः धर-धरले, भर-भरले, सर-सरले हे ऐकून त्याने स्वतःच एक नियम बांधला आहे आणि तो इमानाने लावला आहे. ‘केले’ आणि ‘मेली’ ही रूपे नियमाबाहेरची आहेत. चूक असलीच तर ती मराठीची आहे, मुलाची नव्हे! हा दोष कोणी सुधारला नाही तरी काळाने आपोआप जातो. परंतु ‘मोजलालो’, ‘जेवलालो’ ही रूपे वेगळी. ती मुलाने बनवलेली नाहीत, आजीकडून घेतली आहेत. लातूर-नांदेडकडे ती घरोघर चालतात. ‘मी मोजत आहे’ असे म्हणणारी भाषा पुस्तकातली. शाळेसाठी ती अवश्य यावी. पण शहरातून आलेला पाहुणा ‘जेवलालो’वर हसतो, मुलाची आई ओशाळते आणि पाहुणा गेल्यावर मुलाला दटावते, तेव्हा मुलाला व्याकरण समजत नाही. आजीसारखे बोलणे लाजिरवाणे आहे, एवढेच समजते. यात खरी हानी आहे.

मराठवाड्याला तरी हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. १९४८ पूर्वी निजामाच्या राजवटीत येथील माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. घरची भाषा वर्गाच्या दाराबाहेर ठेवून आत जायचे म्हणजे काय, हे त्या पिढीने भोगले. तिचीच नातवंडे-पतवंडे आज आपल्या लेकराला इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात घालून घरातही ‘भाकरी’ला आणि ‘पाण्या’ला मज्जाव करतात. मूल मग दोन्हीकडे जपून बोलू लागते, आणि जपून बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘चिमणी मरली’ येत नाही. घरातला विनोदही संपतो.

हसण्याला आता एक साक्षीदारही मिळाला आहे. मूल काही चमत्कारिक बोलले की खिशातून मोबाईल निघतो. ‘पुन्हा म्हण बरं,’ असा आग्रह होतो. पहिल्या वेळी मूल बोलत होते. दुसऱ्या वेळी ते नक्कल करते, स्वतःचीच. रडणेही टिपले जाते आणि नातेवाइकांच्या समूहावर संध्याकाळपर्यंत पोहोचते. ज्या चुलत्याने मुलाला अद्याप पाहिलेले नाही, त्याने त्याचे रडणे पाहिलेले असते. या व्यवहारात कोणाचाही हेतू वाईट नसतो, हीच त्यातली अडचण आहे. मुलांचे बोल टिपून ठेवणे यात मुळात काही गैर नाही. रशियन लेखक कोर्नेई चुकोव्हस्की (१८८२–१९६९) याने मुलांचे बोल वर्षानुवर्षे जमवले, पालकांनी पत्रांतून कळवलेले बोल नोंदले आणि ‘दोन ते पाच’ या नावाचे पुस्तक केले. फरक एवढाच की ते मूल काय विचार करते आहे हे शोधण्यासाठी तो टिपत होता, आणि मुलाला ‘पुन्हा म्हण’ असे सांगत नव्हता.

मुरुडच्या एखाद्या ओट्यावर आजही अशी आजी भेटते. नात धावत येऊन सांगते, ‘आजी, चिमणी मरली.’ आजी हसत नाही, सुधारतही नाही. हातातले निवडायचे सूप बाजूला ठेवते आणि विचारते, ‘कुठं गं मरली?’ नात तिचा हात धरून तिला निंबाखाली नेते. मग चिमणी कशी पडली, तिचे डोळे कसे मिटले होते, मुंग्या कोठून आल्या आणि तिची आई तिला शोधत असेल का, याची चौकशी तांदूळ निवडायचे राहून जाईपर्यंत चालते.