समुद्र आधी, संसार मग

मनावरहून समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र प्रवासात जाते. धरमपुरीवरून खलघाटला यायचे, आग्रा रोड धरायचा, सेंधव्यापुढे बिजासन घाट उतरायचा. मग शिरपूर, धुळे, नाशिक आणि उजाडता उजाडता मुंबई. धार जिल्ह्यातल्या मराठी घरांतली नवी जोडपी हल्ली लग्नाची हळद पुरती उतरायच्या आत ही वाट धरतात. ऐपत बरी असेल तर इंदूरहून विमानाने गोवा. घरातल्या थोरल्यांना हे रुचत नाही. ते खर्चाचे नाव पुढे करतात, पण खरी अडचण क्रमाची आहे. जो समुद्र त्यांच्या आईबापांनी आयुष्याच्या शेवटी पाहिला, तो सुनेने पहिल्याच आठवड्यात पाहिला.

अठराव्या शतकात पवार सरदारांच्या मागोमाग महाराष्ट्रातून जी घराणी माळव्यात आली, त्यांची कुलदैवते मागेच राहिली. त्यामुळे लग्नानंतरचा पहिला प्रवास दक्षिणेकडे खरा, पण जेजुरीला किंवा तुळजापूरला, आणि तोही सासू, नणंदा, दीर असा सगळा गोतावळा घेऊन. जेजुरीत नवरा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो. दोघांच्या वाट्याला जाहीरपणे आलेली जवळीक एवढीच, तीही भंडाऱ्याने माखलेल्या नातेवाइकांच्या देखत! समुद्र यायचा तो पोरांची लग्ने उरकल्यावर, द्वारका-रामेश्वरच्या निमित्ताने. निमाडात आणखी एक वाट होती, नर्मदा परिक्रमेची. परिक्रमावासी कठपोरला पोचला की नदीचे मुख होडीने ओलांडून पलीकडे मिठी तलाईला उतरतो. होडी सुटते ती भरतीच्या वेळेवर. ज्या नर्मदेचे पाणी मनावरच्या माणसाने जन्मभर गोडच चाखले, तीच इथे खारट लागते. अनेकांना पहिला समुद्र भेटला तो असा, हातात दंड-कमंडलू असताना.

हा क्रम सिनेमाने उलटवला असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्हाला ते पटत नाही. नवरीच जिथे आठ-दहा वर्षांची, तिथे दोघांनी कुठे जायचे आणि कशाला? ती नहाण येईपर्यंत माहेरी, मग फलशोभन, तेही गावाला कळवून. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाचे वय बारावर नेले तर पुण्यात केवढा गदारोळ झाला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे वय चौदा केले. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, संस्थानांना थेट लागू नव्हता. अठराचा आकडा आला १९७८ मध्ये. मधुचंद्राचा खरा इतिहास या आकड्यांत आहे. नवरा-नवरी दोघेही स्वतःचे तिकीट स्वतः काढण्याच्या वयाचे झाल्यावरच तो शक्य झाला.

नुसत्या सोहळ्याने संसार उभा राहत नाही, याचा दाखला शेजारी देवासला आहे. १९०८ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या अक्कासाहेब देवासच्या थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव यांना दिली गेली. घराणी तोलामोलाची, सोहळा राजेशाही. पण संसार टिकला नाही आणि राणी कोल्हापूरला परतल्या. पुढे राज्य कर्जात बुडाले तेव्हा महाराज इंग्रजांचा हात न पोचणाऱ्या फ्रेंच पाँडिचेरीत जाऊन राहिले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले.

त्याच देवासात एक जोडपे उलट्या दिशेने आले. कुमार गंधर्व आणि भानुमती कंस यांचे लग्न १९४७ चे. लवकरच क्षयाचे निदान झाले. मुंबईची दमट हवा सोडा, असा सल्ला मिळाला आणि १९४८ च्या जानेवारीत दोघे कोरड्या माळव्यात आले. गाणे बंद. भानुमतींनी शाळेत नोकरी धरून घर चालवले. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारांच्या कानावर रस्त्यावरची माळवी लोकगीते पडत होती. पुढे त्यांतूनच त्यांचे धुनउगम राग निघाले. नव्या जोडप्याला समुद्रच लागतो असे नाही, हे मान्य. पण चार माणसांत न वाटलेला वेळ लागतो, आणि तो या दोघांना आजारपणाच्या रूपाने मिळाला. इतकी किंमत मोजायची वेळ कुणावर येऊ नये.

वाटेचे म्हणाल तर दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊन खांडवा-इंदूर रेल्वे आणवली. इंदूर मुंबईला जोडले गेले, धार कोरडे राहिले. आता सप्टेंबर २०२४ मध्ये ३०९ किलोमीटरच्या इंदूर-मनमाड मार्गाला मंजुरी मिळाली आहे, खर्च १८,०३६ कोटी. तो होईल तेव्हा होईल.

राहता राहिला खर्च. लग्नात हजार पाने उठतात, त्यातली निम्मी माणसे नवरा-नवरीला ओळखतही नाहीत, आणि त्याचा हिशेब कुणी मागत नाही. चार रात्रींच्या खोलीचे भाडे मात्र घरभर चर्चेला येते. तीनशे पाने कमी उठवली तर त्यात गोवा होतो, आणि सासू-सासऱ्यांची द्वारकाही.