काम पुरे करण्याची विद्या

वैनगंगेवरील गोसेखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. भंडारा, चंद्रपूर व नागपूर या तीन जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणण्याची ती योजना. २००९ साली तिला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि २०१६ च्या सुधारित मान्यतेत खर्चाचा आकडा अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. धरणात पाणी अडले, काही शिवारे भिजूही लागली. परंतु कालवे आणि वितरिका यांची कामे मागे राहिली. भूमिपूजनाच्या दिवशी जन्मलेले मूल आज चाळिशीकडे झुकले आहे. त्याच्या बापाला पाण्याचे जे आश्वासन मिळाले होते, त्याचा काही भाग मुलाच्या वाट्यालाही आश्वासन म्हणूनच आला आहे.

या वाढलेल्या खर्चाचे नेहमीचे उत्तर 'महागाई' असे असते. ते तपासून पाहणे कठीण नाही. भाववाढ वर्षाला आठ टक्के धरली तर किंमत साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. त्या हिशेबाने १९८३ चे ३७२ कोटी २०१६ साली पावणेपाच हजार कोटींच्या घरात जातात. प्रत्यक्ष आकडा त्याच्या जवळजवळ चौपट आहे. म्हणजे महागाईने एक वाटा उचलला. उरलेले तीन वाटे अन्य कारणांचे आहेत. कामाची व्याप्ती मध्येच वाढली, भूसंपादन व पुनर्वसन लांबले आणि जमिनीचा मोबदला काळाबरोबर व नव्या कायद्याबरोबर वाढला. वनखात्याची परवानगी वेळेवर आली नाही आणि कालव्याच्या अस्तरीकरणाची कामे निकृष्ट ठरून पुन्हा करण्याची वेळ आली. शिवाय ज्या धरणात पैसा गुंतला, त्याचे कालवे नसल्याने तो पैसा वर्षानुवर्षे फळाविना पडून राहिला. हे नुकसान कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. ते धान उत्पादकाच्या घरात मात्र दिसते.

या कारणांत एक गोष्ट समान आहे. त्यांतील कोणतेही कारण स्थापत्यशास्त्राच्या अज्ञानातून उद्भवलेले नाही. भिंत कशी बांधावी, दरवाजे कसे बसवावेत, हे आपल्या अभियंत्यांना उत्तम ठाऊक आहे. अडचण आहे ती सांध्यांची. धरण जलसंपदा खात्याचे, जमीन महसूल खात्याची, झाडे वनखात्याची आणि विस्थापितांची घरे पुनर्वसन कार्यालयाची. प्रत्येक कार्यालय आपापल्या परीने काम करीत असते. परंतु ही कामे कोणत्या क्रमाने व्हावीत, कोणते काम अडले तर सगळेच अडेल आणि त्याची आगाऊ खबर कोणी ठेवावी, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नसतो. हे सांधे जुळविण्याच्या विद्येस आज 'प्रकल्प व्यवस्थापन' असे म्हणतात.

या विद्येला शास्त्रीय रूप मिळाले ते १९५७-५८ च्या सुमारास. अमेरिकेतील ड्यूपाँ या रसायन कंपनीत 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत तयार झाली आणि तेथील नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून 'पर्ट' ही पद्धत पुढे आली. तिचे मर्म साधे आहे. कालवा खणण्यापूर्वी जमीन ताब्यात हवी. जमिनीच्या ताब्यापूर्वी निवाडा हवा. निवाड्यापूर्वी संयुक्त मोजणी हवी. मोजणीपूर्वी कालव्याची आखणी पक्की हवी. या साखळीत एक महिना वाया गेला तर पाणी एक महिना उशिरा येणार, मग धरणावर दुप्पट मजूर लावले तरी उपयोग नाही. ही साखळी आधी ओळखणे आणि रोज तिच्यावर डोळा ठेवणे, हा व्यवस्थापकाचा पहिला धर्म होय. भंडाऱ्याच्या परिसरात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाला ही नावे ठाऊक नव्हती. परंतु पाळ, मोरी, पाट आणि पाण्याची वाटणी ही एकाच योजनेची अंगे आहेत, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

हे आपल्याकडे आजही घडू शकते, याचे उदाहरण कोकण रेल्वेने घालून दिले. १९९० साली तिचे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग सुरू झाला. हजारो जमीनमालक, सह्याद्रीचे उतार, गोव्यातील मार्गाचा वाद आणि पेडण्याच्या बोगद्यातील ढासळती माती या सर्वांतून वाट काढावी लागली. ठरलेली मुदत येथेही उलटली. पण काही वर्षांनी, काही दशकांनी नव्हे. ई. श्रीधरन हे प्रारंभापासून मार्ग पुरा होत येईपर्यंत त्याचे प्रमुख राहिले, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

खुद्द नागपुरात मेट्रोचे काम २०१५ साली सुरू झाले, २०१९ च्या मार्चमध्ये पहिला टप्पा धावू लागला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी सुमारे ४० किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्णत्वास गेला. वर्धा मार्गावर एकाच खांबावर खाली महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रोची मार्गिका आहे. त्या खांबाला दोन संस्थांचे नकाशे, दोन अंदाजपत्रके आणि दोन वेळापत्रके जुळवून घ्यावी लागली. शहरातील मेट्रो आणि तीन जिल्ह्यांवर पसरलेले धरण यांची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल. धरणात गावेच्या गावे बुडतात. मेट्रोत तसे होत नाही. तरीही कामाची एक मुदत आणि एक उत्तरदायी संस्था असली की काय फरक पडतो, तेवढे यातून दिसते.

काहींचे म्हणणे असे की, रखडण्याचे खरे मूळ राजकारण आणि भ्रष्टाचार यांत आहे. व्यवस्थापनाचे तक्ते तेथे काय करणार? गोसेखुर्दच्या कंत्राटांबाबत गुन्हे दाखल झाले, हे खरे. परंतु गैरव्यवहाराला आसरा मिळतो तो तारीख नसलेल्या आणि मोजमाप नसलेल्या कामात. कोणते काम कोणत्या दिवशी किती व्हावयास हवे होते आणि किती झाले, हे दरमहा जाहीर होऊ लागले तर खोटे देयक लपविणे अवघड होते. चोख व्यवस्थापन हा प्रामाणिकपणाला पर्याय नव्हे. तो त्याचा पहारेकरी मात्र होऊ शकतो.

आता प्रश्न येतो तो विदर्भातील तरुणांचा. या विद्येला बाजारात मागणी आहे, हे त्यांनी हेरले आहे. रस्ते, मेट्रो, वीजकेंद्रे, मिहानमधील संगणक कंपन्या, इस्पितळांच्या इमारती, सर्वत्र हे पद आहे. त्यामुळे काही आठवड्यांत 'प्रकल्प व्यवस्थापक' घडविण्याची हमी देणारे वर्गही निघाले आहेत. मुलांनी शुल्क भरण्यापूर्वी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची 'पीएमपी' ही जगन्मान्य परीक्षा देण्यास चार वर्षांच्या पदवीधराकडूनही तीन वर्षांचा प्रकल्प चालविण्याचा अनुभव मागितला जातो. म्हणजे प्रमाणपत्र देणारेच सांगतात की, ही विद्या आधी कामावर शिकावी आणि मग तिच्यावर शिक्का घ्यावा. आपण क्रम उलटा लावला आहे.

कामावर शिकणे म्हणजे काय? तर साइटवरील दैनिक नोंदवही भरणे, मोजमाप पुस्तक वाचता येणे, निविदेतील अटी ओळ न ओळ समजणे, तलाठ्याकडील सातबारा आणि प्रत्यक्ष कब्जा यांतील फरक उमगणे. कंत्राटदाराचा मुकादम, बँकेचा अधिकारी आणि ज्याची जमीन जाणार तो शेतकरी, या तिघांशी तीन प्रकारे पण एकच खरे बोलणे हेही त्यात आले. मराठीत स्वच्छ टिपण लिहिता येणे हेही याच कौशल्याचे अंग आहे. वाणिज्य, कला वा विज्ञान कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला यांतील बरेच काही साध्य आहे. ही केवळ अभियंत्याची मिरास नव्हे.

यासाठी दोन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली विद्यापीठ आणि महाविद्यालयांनी करावयाची. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, २०१५ पासून भारतीय व्यवस्थापन संस्थाही आहे. आणि तासा-दोन तासांच्या अंतरावर गोसेखुर्दसारखी जिवंत पाठशाळा आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने एक संपूर्ण सत्र एखाद्या चालू कामावर काढावे आणि त्याच्या दिरंगाईचा हिशेब मांडावा, अशी योजना फार खर्चाची नाही.

दुसरी गोष्ट शासनाची. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने अधिकाऱ्याचा एका जागेवरील सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा ठरविला. दैनंदिन कारभाराला तो नियम योग्यच आहे. पण दहा वर्षांच्या प्रकल्पाला त्यामुळे तीन-चार प्रमुख लाभतात आणि शेवटी कोणीच उत्तरदायी राहत नाही. मोठ्या प्रकल्पाच्या प्रमुखास किमान एक टप्पा पूर्ण होईपर्यंत हलवू नये, आणि तो टप्पा पूर्ण झाला की नाही यावरच त्याच्या सेवेची पारख व्हावी.

आपल्याकडे भूमिपूजनाच्या कोनशिलेवर नावे कोरली जातात. कालव्याचे पाणी शेवटच्या बांधीत कोणामुळे पोहोचले, त्याची नोंद कोठेच नसते. ज्या समाजात आरंभाला मान आणि समाप्तीला विस्मरण आहे, तेथे काम पुरे करण्याची विद्या शिकण्यास हुशार मुले कशाला पुढे येतील? वैनगंगेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला कोनशिलेचे सोयरसुतक नाही. रोवणीच्या वेळी पाणी येणार की नाही, एवढेच तो विचारीत आहे.