आभा कार्ड निघालं, मग रिपोर्टची पिशवी अजून हातात का?

आमच्या तालुक्यात आभा कार्डाची शिबिरं झाली. आशाताईंना टार्गेट होतं, त्यांनी दारोदार ओटीपी मागत ते पूर्ण केलं. प्रत्येकाला १४ अंकी नंबर मिळाला. फोटो निघाले, बातम्या छापून आल्या.

आता कुठल्याही सोमवारी सिव्हिलच्या ओपीडीत जाऊन बघा. ग्रामीण रुग्णालयातून पाठवलेल्या माणसाच्या हातात तीच प्लास्टिकची पिशवी. एक्स-रे, शुगरचे रिपोर्ट, घडीवर फाटलेला केसपेपर. एखादा कागद घरी राहिला की डॉक्टर म्हणणार, "पुन्हा करून आणा." पुन्हा रक्त, पुन्हा एसटीचं भाडं, पुन्हा खाडा. तपासणी फुकट असेल हो, पण बुडालेल्या रोजाचं काय?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर जाहीर झालं, ते हेच थांबवायला. रुग्णाने संमती दिली की एका दवाखान्यातला रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला दिसायला हवा. क्यूआर स्कॅन करून ओपीडीचं टोकन मिळतं, रांग कमी होते, चांगलंच आहे. पण ती दारावरची सोय झाली. आत लॅबचा रिपोर्ट त्या नंबरला कुणी जोडलाच नाही, तर ती रिकामी फाईल आहे.

कर्मचाऱ्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. आमच्याकडे लॅबवाला मशिनवर आकडा बघतो, रजिस्टरात लिहितो, मग तोच पोर्टलवर भरतो. एकाच आकड्यासाठी तीनदा मेहनत. मशिनमधून रिपोर्ट थेट संगणकात गेला तर त्याचाही वेळ वाचेल आणि डॉक्टरलाही मागची शुगर समोर दिसेल. त्याला पैसा आणि माणसं लागतात. शिबिराला बॅनर पुरतो.

आणि हे रोज कुणीतरी विचारतं म्हणून सांगतो. आभा म्हणजे ५ लाखांच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड नव्हे. आभावर एक रुपयाही मिळत नाही, ते फक्त तुमच्या कागदांचं खातं. ते ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून काउंटरवर कुणी परत पाठवलं तर खुशाल भांडा.

आढावा बैठकीत विचारतात, आभा किती निघाले? त्यातल्या किती नंबरांना रिपोर्ट जोडले, हे कुणी विचारत नाही. मी तालुक्यापुरता हा आकडा माहितीच्या अधिकारात मागतोय. तोवर तुम्ही आपलं ॲप उघडा. सरकारी दवाखान्याचा एक तरी रिपोर्ट त्यात दिसतो का, ते मला कळवा.