नऊ शहरं, बारा महिने आणि आपली ११ महिन्यांची सवय

परवा भाची लॅपटॉप घेऊन घरी आली. ऑस्ट्रेलियाच्या 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसाच्या सोडतीत तिचं नाव लागलंय. बारा महिने तिकडे राहायचं, फिरायचं आणि खर्चापुरतं कामही करायचं. तिने एक्सेलमध्ये बेत मांडला होता. सिडनी सहा आठवडे, मेलबर्न सहा, मग अ‍ॅडलेड, पर्थ, ब्रिस्बेन... एकूण नऊ शहरं. "मामा, बघ ना जरा, कुठे किती दिवस राहू?"

आधी पार्श्वभूमी, कारण पुण्यातल्या बऱ्याच घरांत हा विषय आता निघणार आहे. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. त्यातल्या आश्वासनानुसार सप्टेंबर २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांना हा व्हिसा खुला झाला. वर्षाला जागा फक्त १०००. पहिल्या सोडतीला दोनच आठवड्यांत जवळपास ४० हजार भारतीयांनी नावं दिल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ब्रिटनचीही अशी योजना २०२३ पासून आहे, ३००० जागांची आणि दोन वर्षांची. म्हणजे आपल्या पोरांना परदेशात 'शिकायला' किंवा 'सेटल व्हायला' जाण्यापलीकडे तिसरा रस्ता पहिल्यांदाच मिळालाय. त्याचा सराव आपल्या घरांना नाही. म्हणून बेत आखताना आपण ट्रॅव्हल कंपनीच्या सहलीचा हिशोब लावतो. इतके दिवस, इतकी ठिकाणं, पैसे वसूल.

माझं मत स्पष्ट आहे. नऊ नको, तीन. फार तर चार.

हिशोब साधा आहे. नव्या शहरात उतरलं की पहिले काही दिवस होस्टेलात. मग खोली शोधायची. तिकडे डिपॉझिट साधारण चार आठवड्यांच्या भाड्याइतकं असतं आणि जुन्या खोलीचं परत मिळायच्या आत नवीन भरावं लागतं. मग काम शोधायचं, ट्रायलला जायचं. दोन आठवडे सहज जातात. नऊ शहरांचे झाले १८ आठवडे. वर्षाच्या ५२ पैकी एक तृतीयांश नुसतं सामान हलवण्यात! चार ठिकाणं धरली तर आठ आठवडे. शिवाय दीड महिन्यात निघून जाणाऱ्या मुलीला कुठला कॅफेवाला कॉफी करायला शिकवेल? ज्याला त्याला पहिला प्रश्न एकच, "किती दिवस आहेस?" त्यावर "सहा आठवडे" म्हटलं की भांडी घासायचं कामच हातात येतं.

वरची मर्यादा सरकारनेच घातली आहे. परवानगीशिवाय एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. खालची मर्यादा आपण घालायची, माझ्या मते तीन महिने. पहिला महिना शहर समजण्यात जातो, दुसऱ्यात पैसे हातात राहू लागतात आणि तिसऱ्यात माणसं ओळखीची होतात. कोपऱ्यावरचा दुकानदार नावाने हाक मारायला लागला की समजायचं, आता आपण इथे राहिलो. त्याआधी नुसतं थांबलो होतो.

आता दुसरं वर्ष. त्याला पुन्हा सोडत नसते, पण पहिल्या वर्षात तीन महिने, म्हणजे किमान ८८ दिवस, ठरावीक भागांत ठरावीक काम केलेलं असावं लागतं. शेती, उत्तरेकडच्या भागात हॉटेल-पर्यटन, असं. बहुतेक जण हे काम शेवटावर ढकलतात आणि तिथेच फसतात. पीक काही आपल्या तिकिटाची तारीख बघून तयार होत नाही. पावसाने तोडणी लांबली की दिवस कमी पडतात. आणि दिवस कमी पडलेला माणस मालकाच्या हातात सापडतो. "पैसे कमी घे, दिवस भरून देतो" म्हणणारे तिकडेही आहेत. त्यांना नकार द्यायचा तर कॅलेंडरवर जागा शिल्लक हवी. पगाराच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपायच्या. तिकडचं किमान वेतन जुलै २०२५ मध्ये तासाला २४.९५ डॉलर झालं. फळतोडणी नगावर असली तरी २०२२ पासून तासाच्या किमान दराची हमी आहे. हे पोरांना पाठ हवं.

"अगं, पण तरुण वय आहे, फिरू दे की तिला," असं ताईचं म्हणणं. तेही खरंच. म्हणून शेवटचा महिना पूर्ण मोकळा ठेवायचा, तेव्हा राहिलेली शहरं चार-चार दिवस बघावीत. बघायला चार दिवस पुरतात, राहायला पुरत नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की बेत आपोआप सुटतो.

शेवटी ठरलं ते असं. ऑक्टोबर ते जानेवारी मेलबर्न. फेब्रुवारीपासून साडेतीन महिने टास्मानिया, तिकडे सफरचंदाची तोडणी तेव्हाच असते. मग साडेतीन महिने उत्तरेला केर्न्स, तिथला कोरडा हंगाम म्हणजे पर्यटकांची गर्दी. टास्मानियात दिवस कमी पडले तर केर्न्सच्या हॉटेलात भरून निघतील. शेवटचा महिना पाठीवर सॅक.

इथवर मामा म्हणून बरं वाटत होतं. मग तिने विचारलं, "तीन महिन्यांसाठी मला कुणी खोली देईल ना?" मी म्हटलं, देतात गं, तिकडे चालतं. ती म्हणाली, "आणि आपल्याकडे? तुझा वरचा फ्लॅट तू देशील असा?"

काय बोलणार! गेल्या वर्षी नागपूरची एक मुलगी तीन महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी खोली बघायला आली होती. मीच म्हटलं होतं, "आम्ही ११ महिन्यांशिवाय देत नाही. आणि एकट्या मुलींना सोसायटीत जरा अडचण होते." ती बिचारी कुठल्यातरी पीजीत कॉट बेसिसवर राहिली असणार.

आता हे ११ महिन्यांचं प्रकरण बघा. वर्षाच्या किंवा त्यावरच्या भाडेकराराची नोंदणी सक्तीची, म्हणून ११ महिन्यांचा करार करायचा, अशी ही जुनी पळवाट. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. म्हणजे पळवाट केव्हाच बंद झाली, आपण मात्र अजून तिथूनच जातोय. तीन महिन्यांचा करार कायद्यात बसतो, ऑनलाइन नोंदवता येतो. अडवतो तो आपला स्वभाव, महिन्याभराच्या भाड्याएवढी दलाली आणि सोसायटीच्या फलकावरचं 'बॅचलर्सना परवानगी नाही'. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांना दिलेल्या नमुना कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं घ्यावं असं सुचवलंय. ते पाळायला आपल्याला कुणी मनाई केलेली नाही.

मालकांची भीती मला कळते, मीही मालकच आहे. घर खाली होईल का, रोज नवा चेहरा, पोलीस पडताळणी कोण करणार. पण नोंदणीकृत करार हेच मालकाचं संरक्षण आहे आणि ते तीन महिन्यांना जेवढं तेवढंच ११ महिन्यांना. पुणं चालतंच मुळी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. पेठांतले एमपीएससीवाले, हिंजवडी-खराडीचे प्रोजेक्टवाले, इंटर्नशिपची पोरं. किती दिवस राहायचं हे ठरवायची मोकळीक आपल्या भाचीला हवी असेल, तर दुसऱ्याच्या भाचीला ती आपण नाकारू शकत नाही.

३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक सोसायटीची वार्षिक सभा होते. आमच्या सभेसाठी मी लेखी विषय दिलाय. तीन महिन्यांच्या नोंदणीकृत कराराला सोसायटीने हरकत घेऊ नये आणि एकट्या राहणाऱ्यांवरची बंदी काढावी. विरोध होईल, चहाही कडू लागेल. तुमच्या सोसायटीत काय नियम आहे? मालक आणि भाडेकरू, दोघांनीही खाली लिहा. आणि कुणाचं पोरगं या व्हिसावर जाऊन आलं असेल, तर ते कुठे किती राहिलं तेही सांगा. भाचीची तिकिटं अजून काढायची आहेत.