एका ‘कॅन’ची किंमत
काही वर्षांपूर्वी एक मसाला-व्यापारी सिंगापूरच्या ग्राहकाचा फॅक्स घेऊन बँकेत माझ्याकडे आले. ‘महिनाअखेर एल.सी. उघडाल का?’ या प्रश्नाला उत्तर एवढेच : ‘कॅन लाह’. शेठजींना तो उद्धटपणा वाटला. ते सौदा मोडायलाच निघाले होते. वस्तुतः चिनी-मलय भाषांच्या सहवासात घडलेल्या तेथील बोलीत एकटा ‘कॅन’ म्हणजे पूर्ण होकार. ‘लाह’ ही आपुलकीची जोड. त्याच गृहस्थांचे करारपत्र मात्र निर्दोष इंग्रजीत होते! तेथील शासनाने २००० साली शुद्ध इंग्रजीची मोहीम काढली, तरी दुकानातली बोली टिकलीच. (मला ती गोड वाटते.) आणि आपले? शेठजींच्या पत्रातील ‘लाख’ म्हणजे नेमके किती, असे त्या ग्राहकानेही विचारले होते.